लडाख बॅथोलिथ: ग्रॅनाइटच्या रसायनावरून बुडालेल्या समुद्राचा माग

लेहच्या उत्तरेला उभी असलेली करडी डोंगररांग दुरून एकसुरी दिसते. खारदुंग ला चढून नुब्रा खोऱ्याकडे जाणारा रस्ता हिच्याच अंगावरून जातो आणि चढाच्या बहुतेक टप्प्यात दोन्ही बाजूंना एकाच घराण्याचा खडक लागतो. भूशास्त्रात या रांगेला लडाख बॅथोलिथ म्हणतात. जमिनीच्या पोटात थिजलेल्या शिलारसाचा हा सुमारे ६०० किलोमीटर लांबीचा पट्टा. वरचे थर झिजून वाहून गेले तेव्हा तो उघडा पडला.

इथला ताजा फुटलेला तुकडा हातात घेऊन भिंगाखाली धरला तर त्यात पांढरा फेल्डस्पार, काचेसारखा क्वार्ट्झ आणि बायोटाइट अभ्रकाचे चकचकीत काळे पापुद्रे दिसतात. त्यांच्यामध्ये रोवल्यासारख्या काळ्या-हिरव्या बारीक कांड्या असतात. त्या कांड्या म्हणजे हॉर्नब्लेंड. मधूनमधून मुठीएवढे, क्वचित कलिंगडाएवढे गडद गोळेही दिसतात. बारीक कणांचे, कडा किंचित विरघळल्यासारख्या. सिलिकाने समृद्ध अशा फिकट शिलारसात खालून आलेला जास्त तापलेला गडद शिलारस मिसळला आणि अर्धवट मिसळलेल्या अवस्थेतच दोन्ही थिजले, त्याची ही खूण.

या प्रकरणाची सुरुवात मला हॉर्नब्लेंडच्या कांडीपासून करायची आहे. या खनिजाच्या स्फटिकजाळीतच हायड्रॉक्सिलच्या रूपाने पाणी बसलेलं असतं. शिलारसात वजनाने काही टक्के पाणी विरघळलेलं नसेल तर हॉर्नब्लेंड तयारच होत नाही. म्हणजे ६०० किलोमीटर लांबीच्या या पट्ट्यात, कोट्यवधी वर्षं, पुन्हा पुन्हा ओला शिलारस वर येत होता. एवढं पाणी खोल प्रावरणात पोचवणार कोण?

उत्तर सगळ्यांना ऐकून माहीत असतं: टेथिस समुद्र. भारत आणि आशिया यांच्यामध्ये होता तो. एडुआर्ड झ्यूस यांनी १८९३ साली त्याला हे नाव दिलं. त्याचा तळ आशियाच्या बाजूला खाली बुडत गेला, समुद्र संपला आणि हिमालय उभा राहिला. गोष्ट बरोबर आहे. पण तो तळ आज जवळजवळ नाहीसा झालेला असताना तो बुडाला, कोणत्या दिशेला बुडाला आणि बुडणं कधी थांबलं, हे सगळं कशावरून ठरवलं? त्यात ग्रॅनाइटच्या रसायनाचा वाटा किती आणि त्या रसायनाने कुठे हात टेकले, हे पाहण्यासाठी लडाखइतकं चांगलं प्रकरण क्वचित मिळेल.

आधी नकाशा

प्रयोगशाळेत शिरण्याआधी जमिनीवरचा क्रम पाहायला हवा. हा क्रम नसेल तर पुढचे आकडे अधांतरी राहतात.

दक्षिणेकडून उत्तरेकडे चालत गेलो तर आधी लागतो भारतीय भूखंडाचा किनारा: झांस्करचे चुनखडक, आणि त्याच बाजूला त्सो मोरारीच्या परिसरातले खोलवर जाऊन परत आलेले खडक. मग येतो सिंधू शिवण पट्टा. दोन भूखंड जिथे शिवले गेले ती ही शिवण. तिच्यात समुद्रतळाचे चिरडलेले तुकडे अडकले आहेत: सर्पेंटिनाइट, उशांसारख्या आकारात थिजलेले बेसाल्ट, रेडिओलेरिया या सूक्ष्मजीवांच्या सांगाड्यांनी बनलेले लालसर चर्ट. निदार इथे तर समुद्री कवचाचा बऱ्यापैकी सलग छेद शिल्लक आहे. यालाच ओफिओलाइट म्हणतात. त्याच शिवणीत द्रासचे ज्वालामुखी खडक आणि त्यांच्या राखेचा, भुग्याचा गाळ साठून बनलेला निंदम संच आहे. सिंधू ओलांडली की लडाख बॅथोलिथ. त्याच्या उत्तर उतारावर खारदुंगचे रायोलाइटसारखे फिकट ज्वालामुखी खडक. त्यापुढे दुसरी शिवण, श्योक. आणि तिच्या पलीकडे काराकोरम, म्हणजे आशियाची जुनी कड.

शिवण दक्षिणेला आणि शिलारसाचा पट्टा उत्तरेला, या मांडणीवरूनच बुडणारा पट्ट, म्हणजे समुद्रतळाचा खाली जाणारा भाग, उत्तरेकडे कलत होता असं दिसतं. आजच्या ज्वालामुखी कमानींमध्ये समुद्रतळ जिथे खाली वळतो तो खंदक एका बाजूला असतो आणि ज्वालामुखींची रांग बुडणाऱ्या पट्टाच्या वर, पट्ट साधारण १०० किलोमीटर खोल गेल्यावर. लडाखमध्ये तोच क्रम आडवा पडलेला दिसतो. मात्र नकाशा एवढंच सुचवतो. ग्रॅनाइट इतर कारणांनीही तयार होतो, आणि शिवणीशेजारी ग्रॅनाइट आहे म्हणून तो सबडक्शनचाच, म्हणजे पट्ट बुडण्यातूनच झालेला, असं म्हणता येत नाही.

पाण्याबरोबर कोण जातं आणि कोण मागे राहतं

समुद्रतळाचा बेसाल्ट जन्मापासून खाऱ्या पाण्यात भिजत असतो. त्यात पाणी धरून ठेवणारी खनिजं तयार होतात आणि वर गाळाचा थर साचतो. असा पट्ट खाली जाऊ लागला की दाब-तापमान वाढून ही खनिजं मोडतात आणि पाणी सुटतं. ते वरच्या प्रावरणात शिरतं. कोरड्या प्रावरणाला त्या खोलीवर वितळायला जेवढं तापमान लागतं, त्यापेक्षा कितीतरी शे अंश कमी तापमानाला ओलं प्रावरण वितळतं. म्हणून थंड पट्ट खाली जात असतानाही वर शिलारस तयार होतो.

हे पाणी शुद्ध नसतं. त्यात सीझियम, रुबिडियम, बेरियम, पोटॅशियम, शिसं, स्ट्रॉन्शियम, युरेनियम सहज विरघळून जातात. गाळ वितळला तर थोरियम आणि लॅन्थॅनम, सीरियमसारखी हलकी विरल मृदा मूलद्रव्यंही सोबत येतात. पण निओबियम, टँटलम आणि टायटॅनियम या पाण्यात विरघळायला राजी नसतात. बुडणाऱ्या पट्टात रुटाइल हे खनिज असतं आणि ते या तिघांना घट्ट धरून ठेवतं. परिणाम असा की वर येणाऱ्या शिलारसात पहिल्या गटाची रेलचेल असते आणि निओबियम-टँटलमचा खड्डा असतो. मूलद्रव्यं ठरलेल्या क्रमाने मांडून आदिम प्रावरणाशी तुलना करणारा आलेख काढला की हा खड्डा डोळ्यांत भरतो.

आकड्यांत सांगायचं तर निओबियम आणि लॅन्थॅनम हे दोघे प्रावरण वितळताना जवळपास सारखेच वागतात. त्यामुळे आदिम प्रावरणात त्यांचं गुणोत्तर १ च्या आसपास आहे. मध्य-सागरी कटकावरच्या, म्हणजे नवा समुद्रतळ जिथे तयार होतो तिथल्या, सामान्य बेसाल्टसाठी सर्वत्र वापरली जाणारी सरासरी घेतली तर निओबियम २.३३ पीपीएम (दहा लाखांत २.३३ भाग) आणि लॅन्थॅनम २.५ पीपीएम, म्हणजे गुणोत्तर ०.९३. कमानीच्या खडकांत तेच निम्म्यावर किंवा त्याहूनही खाली घसरतं. सीरियम आणि शिशाचं गुणोत्तर तर आणखी बोलकं: कटकांवरचे आणि सागरी बेटांवरचे बेसाल्ट दोन्हीकडे ते साधारण २५ असतं, कमानीत १० च्याही खाली जातं, कारण शिसं पाण्याबरोबर वर आलेलं असतं आणि सीरियम तेवढं आलेलं नसतं.

गाळ खरोखर खाली जाऊन परत वर येतो का, ही शंका एकेकाळी गंभीरपणे घेतली जायची. १९८० च्या दशकात बेरिलियम-१० या समस्थानिकाने ती मिटवली. तो वातावरणात वैश्विक किरणांमुळे तयार होतो, समुद्रतळाच्या वरच्या गाळात जमा होतो आणि त्याचं अर्धायुष्य जेमतेम १४ लाख वर्षं आहे. प्रावरणात तो असण्याचं कारणच नाही. तरीही काही जिवंत कमानींच्या ताज्या लाव्ह्यात तो सापडला. लडाखमध्ये ही कसोटी चालत नाही. पाच-सहा कोटी वर्षांत तो कणभरही उरत नाही. पण यंत्रणा खरी आहे हे तिथे सिद्ध झालं, म्हणूनच जुन्या खडकांत निओबियमचा खड्डा वाचताना आपण हवेत बोलत नसतो.

लडाख बॅथोलिथच्या नमुन्यांत ही सगळी चिन्हं आहेत. निओबियम, टँटलम, टायटॅनियम खाली. रुबिडियम, बेरियम, थोरियम, शिसं वर. गॅब्रोपासून डायोराइट, ग्रॅनोडायोराइट आणि ग्रॅनाइटपर्यंतचा अखंड क्रम, ज्याला कॅल्क-अल्कलाइन मालिका म्हणतात. पिअर्स, हॅरिस आणि टिंडल यांनी १९८४ साली ग्रॅनाइटसाठी जो रुबिडियम विरुद्ध इट्रियम-अधिक-निओबियम आलेख मांडला, त्यावर हे नमुने ज्वालामुखी कमानीच्या घरात पडतात. पुष्कळ लेखनात प्रकरण इथेच मिटवलं जातं, आणि माझा आक्षेप नेमका इथेच आहे.

खड्ड्यात पडण्याचा धोका

भूखंडीय कवचाची एकूण सरासरी घ्या. सर्वाधिक वापरल्या जाणाऱ्या अंदाजानुसार त्यात निओबियम ८ पीपीएम, लॅन्थॅनम २०. गुणोत्तर ०.४. सीरियम ४३, शिसं ११, म्हणजे गुणोत्तर ४ च्या आसपास. हे आकडे थेट कमानीच्या खडकाचे वाटतात. त्यात नवलही नाही, कारण भूखंडीय कवचाचा मोठा भाग मुळात कमानींमध्येच घडला आहे. पण याचा अर्थ असा होतो की कुठल्याही शिलारसाने वर येताना जुनं कवच चांगलं पचवलं तर त्याच्या अंगावर सबडक्शनची खोटी मोहर उमटते.

याचं मला सर्वांत पटणारं उदाहरण दख्खनच्या लाव्ह्याचं. लडाखमध्ये शिलारस मुरत होता त्याच काळात, सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी, त्याच भारतीय पट्टाच्या दुसऱ्या अंगाला दख्खनचे बेसाल्ट ओतले जात होते. तिथे खाली बुडणारा पट्ट नव्हता. तरीही दख्खनच्या थरांमधला बुशे फॉर्मेशनचा बेसाल्ट तपासला तर निओबियमचा खड्डा आहे, शिसं वर आहे. वर येताना त्याने जुनं भारतीय कवच खाल्लं, एवढीच गोष्ट. त्याच मालिकेतल्या आंबेनळी फॉर्मेशनमध्ये ही भेसळ फार कमी आहे, आणि तिथे ही मोहरही दिसत नाही. फक्त आलेख पाहून निकाल देणाऱ्याने बुशेचा एक नमुना हातात घेऊन दख्खनला ज्वालामुखी कमान ठरवलं असतं.

दुसरा धोका ग्रॅनाइटच्या स्वभावातच आहे. शिलारस थंड होताना स्फटिक वेगळे होत जातात. टायटॅनाइट, इल्मेनाइट, बायोटाइट खाली बसले की टायटॅनियम आणि निओबियम त्यांच्याबरोबर निघून जातात. मग उरलेल्या, सिलिकाने गच्च भरलेल्या ग्रॅनाइटमध्ये जो खड्डा दिसतो तो पट्टाने पाडला की स्फटिकांनी, हे सांगता येत नाही. म्हणून ७२ टक्के सिलिका असलेल्या फिकट ग्रॅनाइटवर मी निकाल बांधणार नाही. पहिली साक्ष घ्यायची ती गॅब्रोची, डायोराइटची आणि मघाशी पाहिलेल्या गडद गोळ्यांची. ते मूळ शिलारसाच्या जास्त जवळचे असतात.

द्रासच्या ज्वालामुखी खडकांत आणखी एक अडचण येते. ते बरेच बदललेले, हिरवट पडलेले खडक आहेत. रुबिडियम, बेरियम, पोटॅशियम हे जसे पट्टातल्या पाण्यात विरघळतात तसेच नंतर खडकातून फिरलेल्या कुठल्याही गरम पाण्यातही विरघळतात. त्यामुळे तिथे त्यांचा साक्षीदार म्हणून उपयोग नाही. अशा वेळी थोरियम, निओबियम आणि इट्टर्बियम धरायचे. हे तिघे खडक बदलला तरी सहसा जागा सोडत नाहीत. थोरियम-इट्टर्बियम आणि निओबियम-इट्टर्बियम ही दोन गुणोत्तरं एकमेकांसमोर मांडली की प्रावरणातून थेट आलेले बेसाल्ट तिरप्या पट्ट्यात पडतात आणि पट्टाचा हात लागलेले त्या पट्ट्याच्या वर उचलले जातात. बेसाल्टसाठी ही मांडणी मला त्रिकोणी आलेखांपेक्षा कितीतरी प्रामाणिक वाटते. अर्थात, कवच पचवलेले बेसाल्टही वरच सरकतात. तेव्हा सापळा टळतो असं नाही, फक्त नंतरच्या पाण्याचा घोळ टळतो.

दोन ग्रॅनाइट शेजारी ठेवून

सापळ्यातून बाहेर पडण्याचा रस्ता समस्थानिकांतून जातो. रुबिडियम-८७ हळूहळू क्षय पावून स्ट्रॉन्शियम-८७ बनतो. भूखंडीय कवचात रुबिडियम जास्त, त्यामुळे जुन्या कवचात स्ट्रॉन्शियम-८७ चं स्ट्रॉन्शियम-८६ शी असलेलं गुणोत्तर काळानुसार वाढत जातं. प्रावरणात रुबिडियम कमी, तिथे ते फारसं हलत नाही. शिलारस तयार होताना हे गुणोत्तर मुळातून जसंच्या तसं उचललं जातं. स्फटिक वेगळे झाले, सिलिका वाढली, काहीही झालं तरी ते बदलत नाही. जुन्या कवचाची भेसळ झाली तरच बदलतं.

आजच्या मध्य-सागरी बेसाल्टमध्ये ते ०.७०२५ ते ०.७०३ असतं. आंबेनळीच्या बेसाल्टमध्ये ०.७०४ च्या आसपास. बुशेमध्ये ०.७१३ पासून ०.७२० पर्यंत. लडाख बॅथोलिथच्या बहुतेक नमुन्यांत, वय वजा करून काढलेलं मूळ गुणोत्तर ०.७०४ ते ०.७०५.

हा आकडा गंगोत्रीच्या ग्रॅनाइटशेजारी ठेवून पाहा. गंगोत्रीचा ग्रॅनाइट उच्च हिमालयातला, सुमारे सव्वादोन कोटी वर्षांपूर्वीचा. तोही पांढरा, तोही देखणा. पण त्यात हॉर्नब्लेंडची कांडी शोधून सापडणार नाही. तिथे आहेत मस्कोवाइट अभ्रक, काळ्या टुर्मलीनच्या सुया, क्वचित गार्नेट. त्याचं मूळ स्ट्रॉन्शियम गुणोत्तर ०.७४ च्याही पुढे जातं. तो भारतीय कवचातले गाळाचे जुने खडक वितळून झाला. टक्कर होऊन गेल्यावर, कवच जाड झाल्यावर, समुद्राशी काहीही संबंध नसताना. दोन्ही ग्रॅनाइट एकाच पर्वतराजीतले आहेत आणि शाळेच्या नकाशावर दोघांनाही एकच रंग दिलेला असतो. एक बुडत्या समुद्राचा आहे, दुसरा समुद्र संपल्यानंतरचा.

आता लडाखचा युक्तिवाद खऱ्या अर्थाने उभा राहतो. निओबियमचा खड्डा आहे, शिसं आणि बेरियम वर आहेत, आणि तरीही स्ट्रॉन्शियम गुणोत्तर ०.७०५ च्या आत. बुशेमध्ये खड्डा पडला तेव्हा स्ट्रॉन्शियम आभाळाला भिडला होता. लडाखमध्ये तसं नाही. म्हणजे खड्डा पाडणारं जुनं भारतीय कवच नव्हतं. प्रावरण होतं, आणि त्यात मिसळलेलं पाणी होतं. हॉर्नब्लेंडच्या कांडीने सुरुवातीला जे सुचवलं होतं तेच इथे वेगळ्या वाटेने पुन्हा हाती लागतं.

एका स्फटिकातले दोन काळ

समुद्र बुडत होता एवढं कळलं. कधीपासून कधीपर्यंत, हे झिरकॉन सांगतो.

पाच-दहा किलो खडक आणायचा, फोडायचा, दळायचा, धुवायचा. जड द्रवात हलकी खनिजं तरंगतात आणि झिरकॉन तळाशी बसतो. चुंबकाने लोहयुक्त दाणे वेगळे करायचे. उरतात ते बारीक, लांबट, गुलाबी-पारदर्शक दाणे, मिलिमीटरच्या दहाव्या-पाचव्या हिश्शाएवढे. सुईच्या टोकाने एकेक उचलून रांगेत मांडायचे, राळेत ओतायचे आणि अर्ध्यापर्यंत घासून चकचकीत करायचे. मग इलेक्ट्रॉन शलाकेखाली दाणा उजळला की आतली वळी दिसतात, झाडाच्या बुंध्यासारखी.

झिरकॉन घडताना युरेनियम आत घेतो आणि शिसं जवळपास घेतच नाही. त्यामुळे आज त्यात सापडणारं शिसं युरेनियमच्या क्षयातूनच आलेलं असतं. युरेनियम-२३८ चं अर्धायुष्य ४४७ कोटी वर्षं, युरेनियम-२३५ चं ७०.४ कोटी. दोन स्वतंत्र घड्याळं एकाच दाण्यात चालतात, एक चुकलं तर दुसरं चहाडी करतं. भूशास्त्राला मिळालेल्या साधनांत याहून भरवशाचं साधन मला माहीत नाही.

लेहजवळच्या ग्रॅनाइटच्या झिरकॉनांवर २००० साली प्रसिद्ध झालेल्या कामात दाण्यांच्या गाभ्याचं वय सुमारे ५.८४ कोटी वर्षं आलं आणि बाहेरच्या कडेचं सुमारे ४.९८ कोटी. एकाच स्फटिकात ८० लाखांहून जास्त वर्षांचं अंतर. आधी थिजलेला खडक नव्या शिलारसाने पुन्हा तापवला आणि जुन्या दाण्यावर नवं कवच चढलं. पश्चिमेला कारगिलच्या बाजूला सुमारे १० कोटी वर्षांपूर्वीचे भागही आहेत. बहुतेक वस्तुमान ७ ते ५ कोटी वर्षांच्या दरम्यानचं. साडेचार कोटी वर्षांनंतर लडाखच्या भागात मोठा शिलारस आलेला नाही. बॅथोलिथ म्हणजे एकदा भरलेलं एक टाकं, असं चित्र मनात असेल तर ते पुसून टाकायला हवं. पाच कोटी वर्षं थांबत-थांबत, वर येत राहिलेले असंख्य लोट आहेत ते.

५ कोटी वर्षांपूर्वीचं वळण

या प्रकरणातला सर्वांत मौल्यवान भाग इथे येतो, आणि तो मूलद्रव्यांच्या आलेखावर अजिबात दिसत नाही.

उत्तर पाकिस्तानातलं कोहिस्तान आणि लडाख ही एकाच कमानीची दोन टोकं आहेत. मध्ये नंगा पर्बतचा उठाव आल्यामुळे ती वेगळी दिसतात. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात या कमानीतल्या अनेक खडकांची झिरकॉन-वयं, आणि त्यांच्याच जोडीला निओडिमियम आणि हाफ्नियम यांची समस्थानिक गुणोत्तरं मोजली गेली. हाफ्नियम तर झिरकॉनच्याच जाळीत बसलेला असतो, म्हणजे ज्या दाण्याने काळ सांगितला तोच दाणा शिलारसाचं मूळही सांगतो. निओडिमियमची मोजणी एप्सिलॉन या एककात होते. प्रावरणासारख्या मुळासाठी धन, जुन्या कवचासाठी ऋण. उच्च हिमालयातल्या भारतीय कवचात ती उणे १५ च्या आसपास असते.

५ कोटी वर्षांपेक्षा जुन्या खडकांत ही गुणोत्तरं दीर्घकाळ प्रावरणाच्या बाजूला, एका अरुंद पट्ट्यात राहतात. त्यानंतर ती पसरतात आणि कवचाकडे झुकू लागतात. जुन्या भूखंडाचा अंश शिलारसात मिसळू लागल्याची ही खूण. अभ्यासकांनी हे वळण ५.०२ कोटी वर्षांवर ठरवलं, अधिक-उणे १५ लाख. त्यांचा अर्थ असा: त्या वेळी समुद्रतळ संपला आणि भारतीय भूखंडाची कड कमानीखाली शिरली.

मघाशी मी आलेखावर आक्षेप घेतला होता, त्याचं खरं कारण हे. ४.८ कोटी वर्षांचा ग्रॅनाइट पिअर्सच्या आलेखावर मांडला तर तोही कमानीच्या घरात पडू शकतो, कारण तो कमानीचंच कवच वितळून झालेला असतो आणि मुळाचा गुण घेऊन येतो. समुद्र संपलेला असतो, पण आलेखावर समुद्र चालूच दिसतो. चिन्ह आहे की नाही, यापेक्षा ते काळाबरोबर कसं बदललं हे विचारलं तरच तारीख मिळते.

ही तारीख एकटी उभी नाही. त्सो मोरारीच्या खडकांत कोएसाइट सापडला आहे. हे क्वार्ट्झचं असं रूप आहे की जे ९० किलोमीटरच्या आसपास किंवा त्याहून जास्त खोलीच्या दाबाखालीच टिकतं. हे खडक भारतीय भूखंडाच्या कडेचे आहेत, आणि तेवढ्या खोलीला ते ५ कोटी वर्षांच्या आगेमागे पोचले होते. म्हणजे समुद्रतळामागोमाग भूखंडही खाली ओढला गेला होता. हिंदी महासागराच्या तळावरचे चुंबकीय पट्टे वेगळीच साक्ष देतात: वर्षाला १५ सेंटिमीटरहून जास्त वेगाने उत्तरेला धावणारा भारत सुमारे ५ कोटी वर्षांपूर्वी मंदावून ५ सेंटिमीटरच्या घरात आला. आणि भूकंपलहरींच्या आधारे पृथ्वीच्या पोटाची चित्रं काढली गेली तेव्हा भारताखालच्या प्रावरणात थंड, जड पट्टांचे अवशेष दिसले. १९९९ साली त्यांचा संबंध टेथिसच्या बुडालेल्या तळाशी जोडला गेला. भारत त्यांच्यावरून पुढे सरकून गेला आहे.

कुठे घोडं अडतं

आता वादाचा भाग. कमानीखाली ५ कोटी वर्षांपूर्वी भारत शिरला, हे मान्य केलं तरी त्या वेळी ती कमान होती कुठे? आशियाला चिकटलेली, की समुद्राच्या मध्ये?

जुना, रूढ विचार असा की श्योकची शिवण आधीच मिटली होती. गिलगिटजवळच्या जुताल डाइक या उभ्या शिलाभिंती सुमारे ७.५ कोटी वर्षांच्या आहेत, घड्या पडलेल्या खडकांना त्या आरपार कापून जातात आणि स्वतः मात्र दुमडलेल्या नाहीत. म्हणजे घड्या त्याआधीच्या, आणि घड्या पडल्या त्या कमान आशियाला धडकल्यामुळे. तसं असेल तर भारताची कमानीशी टक्कर म्हणजेच आशियाशी टक्कर.

२०१३ च्या अभ्यासाने याला छेद दिला. समस्थानिकांत त्यांना दुसरं वळण दिसलं, ४.०४ कोटी वर्षांवर, अधिक-उणे १३ लाख, आणि त्याचा अर्थ त्यांनी लावला की काराकोरमशी, म्हणजे आशियाशी, गाठ तेव्हा पडली. २०२० साली खारदुंगच्या ज्वालामुखी खडकांतलं जुनं चुंबकत्व मोजलं गेलं. त्यावरून ६.६ ते ६.२ कोटी वर्षांपूर्वी ही कमान विषुववृत्ताच्या जवळ, सुमारे ८ अंश उत्तरेला होती. आशियाची कड त्या वेळी बरीच उत्तरेला होती. या दोन साक्षी एका बाजूला.

दुसऱ्या बाजूला दक्षिण तिबेट आहे. तिथे भारतीय किनाऱ्यावरच्या गाळात आशियाकडून आलेले वाळूचे कण सुमारे ५.९ कोटी वर्षांपूर्वी दिसू लागतात. मध्ये समुद्र असता तर ती वाळू पलीकडे पोचली कशी? हा प्रश्न सोपा नाही. शिवण पूर्व-पश्चिम अडीच हजार किलोमीटरच्या आसपास पसरलेली आहे, आणि तिबेटच्या भागात जे घडलं तेच त्याच वेळी लडाखमध्येही घडलं असेल, असं धरून चालणं मला घाईचं वाटतं.

माझा कल दोन टप्प्यांच्या टकरीकडे आहे, पण एका अटीवर. ४ कोटी वर्षांवरचं दुसरं वळण हे पहिल्यापेक्षा अशक्त पुरावा आहे. पहिलं वळण वाचताना आधीचा पट्टा अरुंद होता, म्हणून बदल ठसठशीत दिसला. दुसऱ्या वळणाच्या वेळी शिलारसात आधीच भारतीय कवच मिसळत होतं, आणि त्यात आशियाई कवचाचा नवा अंश ओळखायचा तर दोन जुन्या भूखंडांच्या खुणा एकमेकांपासून वेगळ्या काढाव्या लागतात. काराकोरमच्या कवचाची आणि भारतीय कवचाची समस्थानिक व्याप्ती काही ठिकाणी एकमेकांवर चढते. गुणोत्तर कवचाकडे झुकलं एवढ्यावरून ते कोणत्या कवचाकडे झुकलं हे ठरत नाही.

याची कसोटी श्योकच्या उत्तरेला घ्यायला हवी. ५ ते ४ कोटी वर्षांच्या दरम्यान तिथे खरोखर समुद्रतळ बुडत असेल तर काराकोरमच्या दक्षिण कडेवर त्याच वयाचे, सिलिका कमी असलेले, हॉर्नब्लेंडधारी खडक असायला हवेत. निओबियमचा खड्डा असलेले, शिसं वर असलेले, आणि समस्थानिकं फक्त आशियाई कवचाची साक्ष देणारी, भारतीय कवचाचा लवलेशही नसलेली. दहा-बारा लाख वर्षांच्या अधिक-उणे मर्यादेत वय लावलेले झिरकॉन आणि त्याच दाण्यांतला हाफ्नियम, शिवणीच्या दोन्ही बाजूंना, एकाच काळाच्या जोड्या लावून मोजायचा. उत्तरेच्या दाण्यांत भारत ४ कोटी वर्षांपूर्वीच्याही आधी डोकावला, तर श्योकचा समुद्र तेव्हा मिटलेला होता.